वारसा आणि वारस
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार होतो. १९४८ साली याच दिवशी निजामाचे सैन्य भारतीय सेनेला शरण आले व हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी जो अठरा वर्षांचा तरुण होता, तो आज हयात असला तर पंचाण्णवच्या घरात असणार. साहजिकच पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर आता त्यांची मुले, सुना आणि नातवंडे बसलेली दिसतात. स्वातंत्र्यसैनिकांच्या संघटना विरळ होत गेल्या आणि त्यांच्या जागी ‘पाल्य’ किंवा ‘उत्तराधिकारी’ या नावाने वारसांच्या संघटना उभ्या राहिल्या.

या संघटना कशासाठी असतात? लढणारा माणूस गेल्यावर त्याच्या नावाने त्याच्या नातवाने एकत्र का यावे? पराक्रम हा शेतासारखा सातबाऱ्यावर चढतो काय? हा प्रश्न कोणाला उपमर्द वाटेल. पण तो मी आदरानेच विचारीत आहे. प्रस्तुत लेखात अशा संघटनांची काही उदाहरणे पाहून त्यांचे खरे प्रयोजन कोणते, याचा विचार करावयाचा आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचा वाद

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ, कारण हा प्रश्न तेथे फार पूर्वी निर्माण झाला आणि त्यावर मोकळेपणी वाद झाला. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत आले असता, १७८३ साली त्या सैन्यातील अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनॅटी’ नावाची संस्था काढली. सिनसिनॅटस हा प्राचीन रोमचा एक शेतकरी. संकटकाळी नांगर सोडून तो सेनापती झाला आणि काम फत्ते होताच पुन्हा नांगराकडे गेला, अशी त्याची कीर्ती. संस्थेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. अडचणीतील सोबत्यांना व त्यांच्या विधवांना मदत करावी, लढ्याची स्मृती जपावी, हे तिचे उद्देश. पण एक नियम असा होता की, सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जावे. नुकतेच राजाला झुगारून दिलेल्या देशात ही नवी सरदारकी कशाला, अशी ओरड झाली.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या नियमाची चांगलीच थट्टा केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. चीनमध्ये एखाद्याला त्याच्या शौर्याबद्दल मान मिळाला, तर तो मान त्याच्या आईवडिलांना पोचतो. कारण त्यांनी त्याला वाढविले, शिकविले. त्याच्या मुलाने मात्र बापाच्या शौर्यासाठी काय केले? तेव्हा मान हा वर चढावा, खाली उतरू नये. पुढे त्यांनी गणितही मांडले: दर पिढीला निम्मे रक्त दुसऱ्या घराण्याचे येते, म्हणजे नवव्या पिढीत मूळ वीराचा वाटा ५१२ पैकी फक्त एक उरतो! बाकी ५११ भागांचे काय करावयाचे?

शंभर वर्षांनी तेथे अशा संस्थांची दुसरी लाट आली. १८८९ साली स्वातंत्र्ययुद्धातील लढवय्यांच्या पुत्रांची राष्ट्रीय संस्था निघाली. तिने स्त्रियांना सभासद करून घेण्यास नकार दिला, तेव्हा स्त्रियांनी १८९० साली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही स्वतःची संस्था काढली. या कन्यांच्या संस्थेच्या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट चांगली आहे. या संस्थेने केवळ बंदूक धरणाऱ्यालाच देशभक्त मानले नाही. सैन्याला धान्य किंवा सामान पुरविणारा, लढ्याच्या बाजूने गावचे काम पाहणारा, अशांचे वंशजही सभासद होऊ शकतात. मात्र प्रत्येक पिढीचा पुरावा द्यावा लागतो. घरात सांगितलेली गोष्ट तेवढ्याने चालत नाही. या शिस्तीमुळे सामान्य माणसांची असंख्य कागदपत्रे जपली गेली.

दुसरी गोष्ट तितकीच बोलकी आहे. १९३९ साली मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला या संस्थेने वॉशिंग्टनमधील आपले सभागृह गाण्यासाठी दिले नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याबद्दल संस्थेचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी मॅरियन अँडरसन लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गायिल्या आणि ते गाणे ऐकण्यासाठी सुमारे ७५,००० लोक जमले. पुढे १९४३ साली संस्थेनेच त्यांना त्या सभागृहात बोलाविले, हेही सांगितले पाहिजे. तथापि स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या लेकींनी रंगावरून दार लावावे, यावरून एक धडा मिळतो. रक्ताचा वारसा आपोआप चालत येतो. विचाराचा वारसा येत नाही, तो प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

असे असले तरी वारसांनी पूर्वजांच्या सैनिकी सेवेची आठवण काढणे म्हणजे नेहमी मोठेपणा मिरविणे, असे समजणे चूक ठरेल. याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार समाजाचे सैनिक मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे जी लढाई झाली, तिच्या स्मृतिस्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे अनेक आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने लढाऊ आणि बिनलढाऊ जाती असा भेद काढून या समाजाची भरती बंद केली. पिढ्यान्पिढ्या ज्या घरांत पलटणीचा पगार, पलटणीच्या शाळेचे शिक्षण आणि पलटणीचा मान आला होता, त्या घरांच्या मुलांना गावच्या वेशीबाहेर पुन्हा जुनीच वागणूक वाट्याला आली.

यावर पहिला संघटित आवाज उठविला तो सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी. दापोलीला राहून त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तेच काम चालविले. ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र त्यांनी १९०८ साली सुरू केले आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. आमच्या वाडवडिलांनी तुमच्या सैन्यात सेवा केली आहे. आम्हांला सैन्यात, पोलिसात व सरकारी कामात प्रवेश द्या, हा त्याचा आशय होता. कोरेगावच्या स्तंभापाशी सभा भरविण्यातही कांबळे यांचा पुढाकार होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र, म्हणजे सैनिकाचेच वारस. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, १११ महार्स ही पलटण उभी राहिली. ती १९२१ साली मोडण्यात आली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

सिनसिनॅटीच्या अधिकाऱ्यांनी पूर्वजाचे नाव घेऊन इतरांहून वरची पायरी मागितली. वलंगकर आणि कांबळे यांनी पूर्वजांचे नाव घेऊन इतरांच्या बरोबरीची पायरी मागितली. साधन एकच, पण प्रयोजन वेगळे. मला वाटते, कोणतीही वारसांची संघटना पारखावयाची असेल तर हीच कसोटी लावावी. ती काय मागते, आणि ते एकट्यासाठी मागते की सर्वांसाठी?

मराठवाड्याची कथा

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाड्यात लढा दिला तो बहुतांशी गणवेश नसलेल्या माणसांनी. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. आपल्या जिल्ह्याचा अभिमान असा की, या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. शिक्षकी पेशातून हा संन्यासी राजकारणात उतरला आणि पुढे त्यांनी वारंवार कारावास भोगला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात भारतात सामील होण्याचा दिन पाळण्यात आला. त्यानंतर रझाकारांचा जुलूम वाढत गेला. अनेक कार्यकर्ते हद्दीबाहेर गेले आणि भारतीय हद्दीतील गावांत कॅम्प उघडून तेथून त्यांनी लढा चालविला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना आत आली आणि पाच दिवसांत सारे संपले.

लढणाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण तुटले, नोकऱ्या गेल्या, शेती पडीक राहिली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ साली, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. प्रारंभी ते वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांनाच मिळत असे. १९८० साली ही अट काढण्यात आली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. मदत होती तिचा मान झाला. हा बदल लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. राज्य सरकारनेही आपली योजना ठेवली. २०२२ साली तिची रक्कम दरमहा १०,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाली. सैनिकाच्या मागे त्याच्या पत्नीला वेतन मिळते. शिवाय स्वातंत्र्यसैनिकाने नामनिर्देशित केलेल्या पाल्यास सरकारी नोकरीत सवलत देण्याची तरतूद झाली.

यात गैर काहीच नव्हते. घरचा कर्ता तुरुंगात गेला म्हणून जी मुले मागे पडली, त्यांना हात देणे हे समाजाचे कर्तव्यच होय. पण पुरावा कसा द्यावयाचा, येथे खरी अडचण आली. तुरुंगात गेलेल्याला तुरुंगाचा दाखला मिळे. भूमिगत राहिलेल्याने तुरुंगाचा दाखला कोठून आणावा? त्यासाठी वॉरंट, फरारी घोषित केल्याचा हुकूम असे कागद चालत. तेही नसतील तर दीर्घ कारावास भोगलेल्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र चाले. नियम दयाळू होता आणि त्यामागे विश्वास होता. पण ज्या दाराने खरा भूमिगत आत आला, त्याच दाराने इतरही शिरले.

बीड जिल्ह्याचे नाव यामुळे देशभर गेले, आणि ते भूषणाने गेले नाही. खोट्या कागदांवर अनेकांनी स्वातंत्र्यसैनिकाचे वेतन मिळविल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. ‘भाऊराव दगडू पारळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा २००५ सालचा निकाल या प्रकरणातलाच. सुमारे साडेतीनशे प्रकरणांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे सोपविण्यात आली आणि त्यांच्या आयोगाने त्यांतील बहुसंख्य दावे खोटे ठरविले. पुढेही अनेकजण न्यायालयांत गेले, तेव्हा कोणा एका नावाविषयी येथे बोलणे उचित नाही. पण एवढे खरे की, या प्रकाराने सर्वांत मोठे नुकसान झाले ते खऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलानातवंडांचे. आजही कोणी ‘माझे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते’ म्हणाला की, ऐकणारा गालातल्या गालात हसतो. वारसांच्या संघटनेने सर्वांआधी हे हसू पुसले पाहिजे. ते मागण्यांच्या निवेदनांनी पुसले जाणार नाही. आपली यादी आपणच तपासून, खरे ते जगापुढे ठेवून पुसले जाईल.

ज्यांचे कागद नाहीत

खोटी नावे यादीत गेली, ही एक बाजू झाली. खरी नावे यादीबाहेर राहिली, ही दुसरी बाजू आहे आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही; कारण तक्रार करणारेच उरलेले नाहीत.

माझे गाव आष्टी तालुक्यातले, म्हणजे जुन्या निजामी हद्दीच्या कडेचे. पलीकडे नगर जिल्हा, इंग्रजी मुलूख. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जातात आणि घर आजी सांभाळते. आजी सांगते की, तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, रझाकारांच्या काळात रात्रीचे हद्द ओलांडून कॅम्पावर चिठ्ठ्या नेत आणि पणजी त्यांच्याबरोबर तिथल्या पोरांसाठी भाकरी बांधून देई. त्या दोघांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागद एकही नाही. मी विचारले तर आजी म्हणते, “लिहून कोण ठिवणार व्हतं बाई? ज्याला लिहिता येत व्हतं तो पुढारी झाला.”

ही गोष्ट खरी असेल, अर्धी खरी असेल किंवा काळाच्या ओघात कोणा दुसऱ्याची गोष्ट आमच्या घरात येऊन राहिली असेल. पुरावा नसताना मी तिला इतिहास म्हणणार नाही आणि तिच्या जोरावर काही मागणारही नाही. पण ती खरी की खोटी, हे तरी कळावे, असे मला मनापासून वाटते. अशा गोष्टी आपल्या जिल्ह्यात शेकडो घरांत असतील. त्यांचे काय करावयाचे, हे सांगणारे आज कोणी नाही. वारसांच्या संघटनेने आपले दार फक्त दाखलेवाल्यांना उघडले, तर ही घरे कायमची बाहेर राहतील. आणि दार सर्वांनाच सरसकट उघडले, तर पुन्हा पूर्वीचाच घोटाळा होईल. अमेरिकेतील कन्यांनी धान्य पुरविणाऱ्यालाही देशभक्त मानले, पण पुरावा मागितला. आपणही मन मोठे आणि तपासणी कडक, असाच मार्ग धरला पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आपण ऐकतो, कारण त्यांनी प्रत्यक्ष शस्त्र हाती धरले. पण घरात निरोप्याला लपविणारी, झडतीच्या वेळी दारात उभी राहणारी स्त्री कोणत्या यादीत सापडेल?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा लढा एका जुलमी राजवटीविरुद्ध होता, एका धर्माविरुद्ध नव्हता. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांवर टीका केली आणि हैदराबाद भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. आणि सेना आल्यानंतर संस्थानातील अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर अत्याचार झाले, याची चौकशी भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, हेही इतिहासातच आहे. वारसा घ्यावयाचा तर तो सोयीपुरता घेता येत नाही.

काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे विद्यार्थ्याला शोभत नाही. म्हणून काही सूचना मांडते.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक गावाची एक वही असावी आणि तिचे दोन भाग असावेत. कागदाने सिद्ध झालेली नावे पहिल्या भागात, आणि लोकांच्या आठवणीतील नावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख टाकून, दुसऱ्या भागात. पुरावा मिळाला की नाव दुसऱ्या भागातून पहिल्यात जाईल. खोटे ठरले तर तसे लिहून तेथेच राहील. या वहीवरून कोणालाही वेतन किंवा नोकरी मिळणार नाही, हे पहिल्या पानावर लिहावे. लाभ काढून घेतला की खोटे बोलण्याचे कारणही संपते.

दुसरी सूचना भाषेची. निजामाच्या कारभाराची आणि न्यायालयांची भाषा उर्दू होती. पोलीस, कचेरी व न्यायालय यांचे त्या काळचे कागद त्या लिपीत आहेत. जुने मराठी कागद पुष्कळदा मोडीत आहेत. ज्यांचे पूर्वज त्या कागदांत आहेत, त्या आम्हां वारसांना दोन्ही लिप्या वाचता येत नाहीत! आपल्या महाविद्यालयात उर्दू वाचणारे मित्रमैत्रिणी आहेत आणि मोडी शिकविणे काही अशक्य नाही. इतिहास विभागाने आठवड्याला एक तास दिला तरी दोन वर्षांत कागद वाचणारी दहा-बारा मुले तयार होतील. उर्दूची जाण असलेला वर्गमित्र आणि आजीची गोष्ट घेऊन आलेली मुलगी एकाच टेबलाशी बसली, तर मुक्तिसंग्रामाची ती खरी जयंती होईल.

तिसरी सूचना सभासदत्वाची. फ्रान्समध्ये १८८७ साली स्थापन झालेली ‘ल सुव्हनीर फ्रान्से’ ही संस्था युद्धात पडलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळते. तिचा सभासद होण्यास वीराचा वंशज असण्याची अट नाही. काम करण्याची इच्छा असली की पुरे. आपल्या वारस संघटनांनी असे दुसरे दार उघडावे. ज्याच्या घरात स्वातंत्र्यसैनिक नव्हता, त्यालाही गावच्या हुतात्मा स्मारकाची झाडलोट करण्याचा हक्क असावा. त्या सप्टेंबरात मुक्त झाले ते साऱ्या गावचे लोक. मग वारसही सारे गावच नव्हे काय?

फ्रँकलिन म्हणाले होते की मान वर चढावा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वारसाने पूर्वजाच्या नावावर जगू नये, पूर्वजाचे नाव जगवावे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी चिठ्ठ्या पोचविल्या असे आपण ऐकतो. आपल्याला लिहिता येते. साक्षी असलेली शेवटची माणसे अजून काही गावांत ओसरीवर बसलेली आहेत आणि त्यांच्यापाशी फार वर्षे उरलेली नाहीत. येत्या सुटीत प्रत्येकाने वही घेऊन आपल्या गावातील एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, एवढीच विनंती.